स्वतःचा १६-बिट प्रोसेसर बोर्डावर चालला. आता त्यावर सी कसं आणायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीकडचा, ईअँडटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तिघांच्या गटाने बीई प्रोजेक्टसाठी स्वतःचा १६-बिट प्रोसेसर व्हेरिलॉग या हार्डवेअरचं वर्णन करायच्या भाषेत लिहिला आहे. लॅबमधल्या बेसिस ३ या एफपीजीए बोर्डावर (हवं ते सर्किट उतरवता येणारी चिप, आर्टिक्स-७, ३५टी) तो व्यवस्थित चालतो. फिबोनाचीचे आकडे सेव्हन-सेगमेंटवर दाखवतो, यूआरटी या सिरियल जोडणीवरून लॅपटॉपला अक्षरं पाठवतो. पहिल्यांदा टर्मिनलवर अक्षर उमटलं तेव्हा लॅब असिस्टंट काकांनासुद्धा बोलावून दाखवलं.

थोडक्यात रचना सांगतो. रजिस्टर ८, आर० ते आर७. प्रत्येक इन्स्ट्रक्शन १६ बिटांची, पहिले ४ बिट ऑपकोड, म्हणजे कुठलं काम करायचं त्याचा आकडा. प्रोग्रॅमची मेमरी वेगळी आणि डेटाची वेगळी, दोन्ही एफपीजीएच्या आतल्या ब्लॉक रॅममध्ये. डेटा मेमरीत एका पत्त्यावर १६ बिटांचा पूर्ण शब्द असतो, अर्धा वाचता येत नाही. लोड-स्टोअर फक्त रजिस्टरमधल्या पत्त्यावरून: एलडी आर२, [आर५]. मूव्हआय ही इन्स्ट्रक्शन ८ बिटांचा स्थिरांक घेते. फ्लॅग, म्हणजे शेवटच्या गणिताच्या खुणा, तीन: झेड (उत्तर शून्य), एन (उत्तर उणे) आणि सी (हातचा). कॉल केल्यावर परतीचा पत्ता १६ खणांच्या हार्डवेअर स्टॅकमध्ये जातो. असेंबलर (असेंब्लीचं बिटांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मी पायथनमध्ये लिहिला आहे, दोन पासचा, म्हणजे कोड दोनदा वाचणारा.

आता गाईड सरांनी विचारलं, ‘यावर सी चालेल का?’ आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं आहे. असेंब्लीत मोठं काही लिहायला घेतलं की गटातले बाकी दोघं हात टेकतात. जीसीसी या कंपायलरचा बॅकएंड (आपल्या प्रोसेसरसाठी कोड काढणारा भाग) लिहायची माहिती वाचायला घेतली, पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलरचंही तसंच. सबमिशन एप्रिलमध्ये आहे. जीसीसी, एलएलव्हीएम की आणखी काही? आणि आमच्या प्रोसेसरला हे जमण्यासारखं आहे का?

रिस्क-फाइव्ह हा तयार, खुला इन्स्ट्रक्शन सेट का नाही असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो: इन्स्ट्रक्शन सेट पहिल्या बिटापासून स्वतः ठरवायचा होता.

---

सिलिकॉन_ठाणे

अभिनंदन मित्रा, बोर्डावर चालणारा प्रोसेसर ही लहान गोष्ट नाही. तरीही मी रिस्क-फाइव्हचीच बाजू मांडणार, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आपल्याकडचे तीन प्रोसेसर बघ. आयआयटी मुंबईचा ‘अजित’ २०१९मध्ये जाहीर झाला, मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर बनला. आतली रचना पूर्ण त्यांची, पण इन्स्ट्रक्शन सेट घेतला स्पार्क व्ही८. तो खुला आहे, आयईईई १७५४ या नावाने १९९४मध्ये मानक म्हणून निघाला, आणि मुख्य म्हणजे त्याचं जीसीसी, लिंकर (वेगवेगळ्या फाइलींचा कोड जोडणारा प्रोग्रॅम), डीबगर हे सगळं आधीपासून तयार आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही रिस्क-फाइव्हवर. इतक्या मोठ्या संस्थांनी इन्स्ट्रक्शन सेट नवा काढला नाही, कारण प्रोसेसरपेक्षा त्यामागची साधनं उभी करायला जास्त माणसं लागतात.

आरव्ही३२आय, म्हणजे रिस्क-फाइव्हच्या ३२ बिटांच्या पायाभूत संचात, मुळात ४०च इन्स्ट्रक्शन आहेत. एका सेमिस्टरमध्ये होतात. आणि ‘स्वतःचं काहीतरी’ हवं असेल तर त्याची सोय मानकातच आहे: कस्टम-० आणि कस्टम-१ हे दोन ऑपकोड अशा वापरासाठीच राखून ठेवले आहेत. तुमची इन्स्ट्रक्शन तिथे बसवा. कंपायलरला हातसुद्धा लावायचा नाही. ग्नू असेंबलरमध्ये ‘डॉट-इन्सन’ नावाचा निर्देश आहे, त्याला ऑपकोड आणि रजिस्टर दिले की तो बिट जुळवून देतो. ते इनलाइन असेंब्लीत गुंडाळून एक छोटं फंक्शन करायचं की सीमधून थेट वापरता येतं. पिकोआरव्ही३२ सारख्या खुल्या कोअरमध्ये अशा इन्स्ट्रक्शनसाठी को-प्रोसेसरची वेगळी जोडणीच दिलेली आहे.

एप्रिलची मुदत असेल तर मी हेच करीन.

---

बॅकएंड_पुणे

सिलिकॉन_ठाणे यांचं म्हणणं उत्पादनाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. उद्या मला कुणी चिप विकायची आहे म्हणून सल्ला विचारला तर मी याहून वेगळं सांगणार नाही. पण हा मुलगा शिकतो आहे आणि त्याला इन्स्ट्रक्शन सेट आणि कंपायलर यांच्यामधली शिवण बघायची आहे. ती तयार घेतलेल्या साधनांत दिसत नाही. मी पुण्यात बरीच वर्षं डीएसपी (सिग्नलवर गणित करणाऱ्या) प्रोसेसरांचे कंपायलर बॅकएंड लिहिते. हार्डवेअरवाल्यांनी इन्स्ट्रक्शन सेट गोठवला आणि मग आमच्याकडे पाठवला, असं झालं की त्याची किंमत पुढे प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक प्रोग्रॅमला मोजावी लागते. तुझा इन्स्ट्रक्शन सेट अजून एका व्हेरिलॉग फाइलमध्ये आहे, उद्या बदलता येतो. ही संधी पुन्हा मिळत नाही रे. म्हणून कंपायलर कुठला हे नंतर, आधी प्रोसेसर सीला सोयीचा कर.

अँथनी ग्रीन यांनी ‘मॉक्सी’ हा प्रोसेसर असाच उलट्या दिशेने बांधला. आधी जीसीसीचा बॅकएंड आणि सिम्युलेटर, कंपायलरला जे सोपं पडतं तेवढंच इन्स्ट्रक्शन सेटमध्ये, आणि हार्डवेअर त्यानंतर. तुझ्याकडे हार्डवेअर आधी आलं आहे इतकंच.

पहिली गोष्ट, स्टॅक. १६ खणांचा हार्डवेअर स्टॅक परतीचे पत्ते ठेवतो, पण सीच्या फंक्शनला स्वतःची जागा लागते: लोकल व्हेरिएबल, आर्ग्युमेंट, सांभाळून ठेवलेली रजिस्टर. ती डेटा मेमरीतच हवी. आर७ स्टॅक पॉइंटर म्हणून राखून ठेव, कॉलने परतीचा पत्ता आर६मध्ये ठेवावा, आणि हार्डवेअर स्टॅक काढून टाक. फंक्शन दुसऱ्याला बोलावणार असेल तर आर६ ते स्वतः मेमरीत ठेवील. सोळाच्या वर रिकर्शन गेलं की प्रोग्रॅम भरकटतो, तो प्रश्नही त्याबरोबर संपतो.

आता लोकल व्हेरिएबल वाचायचं कसं ते बघ. स्टॅक पॉइंटरपासून ६ वर ठेवलेला इंट वाचायला तुझ्या आजच्या इन्स्ट्रक्शनमध्ये हे लागतं:

मूव्ह आर५, आर७
मूव्हआय आर४, ६
अ‍ॅड आर५, आर४
एलडी आर२, [आर५]

चार इन्स्ट्रक्शन, आणि त्यात आठातली दोन रजिस्टर खर्ची पडली. कंपायलरने काढलेल्या कोडमध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारी गोष्ट हीच असते. तिच्याऐवजी हवं ते असं:

एलडी आर२, [आर७+६]

जागा आहे का? ऑपकोडचे ४ बिट, दोन रजिस्टरचे ३ आणि ३, झाले १०. उरले ६. सहा बिटांत ० ते ६३ मावतं, आणि शब्द वाचताना तो आकडा दोनने गुणून घेतला तर स्टॅक पॉइंटरपासून १२६ बाइटपर्यंत पोहोचता येतं. बहुतेक फंक्शनांना एवढं पुरतं. हार्डवेअरमध्ये तुला यासाठी फक्त पत्त्याच्या वाटेवर एक बेरीज लागेल.

दुसरी गोष्ट, बाइट. शब्दाला पत्ता देणारी मशीन सीमध्ये चालतच नाही असं नाही. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२८एक्स मालिकेत कॅरेक्टर १६ बिटांचाच असतो आणि त्यावर भरपूर सी लिहिलं जातं. पण जीसीसी ८ बिटांचा बाइट धरून चालतो, एलसीसी या छोट्या कंपायलरच्या आतही ‘आकार गुणिले ८’ असं जागोजागी लिहिलेलं आहे. तू त्या वाटेला जाऊ नकोस. पत्ता बाइटचा कर, मेमरी १६ बिटांचीच ठेव, आणि बाइटसाठी वेगळं लोड-स्टोअर दे. आर्टिक्सच्या ब्लॉक रॅमला बाइटगणिक राइट-एनेबल, म्हणजे एकच बाइट लिहायची सोय, आहेच. पत्त्याचा शेवटचा बिट कुठला अर्धा ते ठरवील. पोहोच १२८ किलोबाइटवरून ६४वर येईल, त्याने तुझं काही अडत नाही.

तिसरी गोष्ट तुझ्या फ्लॅगांची, आणि इथे थोडं थांबून बघ, कारण असेंब्लीत हाताने लिहिताना हे कधी कधी महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. तुझ्याकडे व्ही, म्हणजे ओव्हरफ्लो फ्लॅग नाही. सीमध्ये कुणी विचारलं, उणे ३०००० हे १०००० पेक्षा लहान आहे का? तू वजाबाकी करणार आणि एन फ्लॅग बघणार. उणे ३०००० मधून १०००० गेले की उत्तर उणे ४००००, ते १६ बिटांत मावत नाही, ६५५३६ मिळवून ते २५५३६ होतं. धन संख्या. एन शून्य. तुझा प्रोसेसर शांतपणे सांगतो, ‘लहान नाही.’ छोट्या आकड्यांवर सगळं बरोबर चालतं, त्यामुळे फिबोनाची कधी चुकणार नाही. व्ही फ्लॅग घाल, आणि चिन्हासकट ‘पेक्षा लहान’ याची अट ‘एन आणि व्ही वेगळे असतील तर’ अशी कर. चिन्हाशिवायच्या तुलनेला सी फ्लॅग पुरतो, पण वजाबाकीत तुझा सी फ्लॅग उसना दाखवतो की उसना नाही हे दाखवतो, ते एकदा कागदावर लिहून टाक.

स्थिरांकांचं तू जवळजवळ बरोबर केलं आहेस. ऑपकोड ४, रजिस्टर ३, उरले ९. आठ बिट आकड्याचे, आणि नववा रिकामा पडला असेल तर त्याने ‘खालचा अर्धा की वरचा अर्धा’ ठरव. खालचा भरताना वरचा शून्य कर. वरचा भरताना खालच्याला हात लावू नकोस. असं केलंस की दोन इन्स्ट्रक्शनमध्ये कुठलाही १६ बिटांचा आकडा तयार होतो आणि लिंकरचं काम अगदी सोपं राहतं. रिस्क-फाइव्हमध्ये खालचे १२ बिट चिन्हासकट मिळवले जातात, त्यामुळे हेक्समध्ये १२३४५८०० हा आकडा हवा असेल तर वरच्या भागात १२३४५ घालून चालत नाही. खालचा ८०० हा उणे ८०० म्हणून मिळवला जातो, म्हणून वर १२३४६ घालावे लागतात. तिथल्या लिंकरला प्रत्येक ठिकाणी ही एकाची भर आठवणीने टाकावी लागते. त्यांची कारणं त्यांच्या ठिकाणी योग्य आहेत, तुला ती लागू नाहीत.

राहिल्या वेगळ्या मेमऱ्या. सीमध्ये ‘नमस्कार’ असा स्ट्रिंग लिहिला की तो कुठेतरी स्थिर मेमरीत बसतो आणि साध्या पॉइंटरने वाचला जातो. तो प्रोग्रॅमच्या मेमरीत असेल तर तुझं एलडी तिथे पोहोचतच नाही. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर काम केलेल्यांना हे माहीत आहे, तिथे फ्लॅशमधलं वाचायला एलपीएम ही वेगळी इन्स्ट्रक्शन लागते आणि तिचे पडसाद थेट सीच्या कोडमध्ये उमटतात. तुझ्या ब्लॉक रॅमला दोन पोर्ट आहेत. एक इन्स्ट्रक्शन आणायला, दुसरा डेटाला, मेमरी एकच. दोन्ही कामं एकाच क्लॉकमध्ये होतात आणि पत्त्यांची जागाही एकच राहते. आणि हो, रजिस्टरमधल्या पत्त्यावर उडी मारणारी इन्स्ट्रक्शन आहे ना? परत येणं, फंक्शन पॉइंटर आणि स्विच, तिन्ही तिच्यावर चालतात.

हे बदल झाले की सांग. कंपायलरचं मग बोलू. माझं मत एलसीसीकडे आहे.

---

कृष्णाकाठ

ताई, तुमचं उत्तर प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावलं आहे. उणे ३००००चं उदाहरण आम्ही तसंच बोर्डावर टाकून बघितलं, आणि खरंच ‘लहान नाही’ असं आलं. तिघंही बघत राहिलो.

व्ही फ्लॅग, ऑफसेटवालं लोड-स्टोअर आणि मूव्हआयचा नववा बिट झाला. दोन पोर्टची एकच मेमरी सिम्युलेशनमध्ये चालते, बोर्डावर अजून टाकली नाही. बाइटचं काम चालू आहे. उडीची इन्स्ट्रक्शन आधीपासून होती.

आता कंपायलरबद्दल सांगा ना. एलसीसीच का? आणि लिंकर, लायब्ररी हे सगळं आम्हालाच लिहावं लागेल का? सिलिकॉन_ठाणे दादा, तुमचं डॉट-इन्सनचं सुचवणं रिपोर्टमध्ये तुलनेच्या प्रकरणात घेतो आहे.

---

बॅकएंड_पुणे

शाब्बास. बोर्डावर टाकून बघितलंत हे फार आवडलं.

एलएलव्हीएमचं आधी सांगते. मी रोज त्यातच काम करते आणि माझं त्यावर प्रेम आहे. पण त्यात नवा प्रोसेसर बसवायचा म्हणजे रजिस्टरांचं वर्णन, इन्स्ट्रक्शनांचं वर्णन, कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला आर्ग्युमेंट कशी द्यायची ते), फ्रेम (फंक्शनची स्टॅकवरची जागा), ऑब्जेक्ट फाइल असे बरेच तुकडे एकदम जागेवर लागतात, त्याशिवाय रिकामं फंक्शनही बाहेर पडत नाही. रिस्क-फाइव्हच्या बॅकएंडचे पहिले पॅच अ‍ॅलेक्स ब्रॅडबरी यांनी २०१६मध्ये पाठवले, आणि त्यावरची ‘प्रायोगिक’ ही पाटी निघाली २०१९मध्ये, आवृत्ती ९ला. तुला तेवढं परिपूर्ण नको आहे हे खरं, पण लॅबच्या ८ जीबीच्या मशीनवर एलएलव्हीएम नुसतं बांधून घेतानाच लिंकर मेमरी संपवतो. पुढे कधी हौस असेल तर त्यातला एमएसपी४३०चा बॅकएंड वाच, तोही १६ बिटांचाच आहे.

जीसीसीसाठी आधी बिनयुटिल्स पोर्ट करावं लागतं, म्हणजे असेंबलर, लिंकर आणि ऑब्जेक्ट फाइलची ओळख. मग जीसीसी, मग न्यूलिब ही सीची लायब्ररी. वाट उत्तम आहे, पण एप्रिलपर्यंतची नाही.

एलसीसी क्रिस फ्रेझर आणि डेव्हिड हॅन्सन यांचा. मुळातच वेगवेगळ्या मशीनवर नेता यावा म्हणून बनवलेला, आणि एका मशीनबद्दलचं जवळजवळ सगळं एका फाइलमध्ये असतं. जुनं सी, म्हणजे १९८९च्या मानकाचं, तेवढंच समजतं. तुला तेवढं पुरे. बिल बझबी यांनी ७४ मालिकेच्या टीटीएल चिपांतून मॅजिक-१ नावाचा आख्खा कॉम्प्युटर हाताने वायरिंग करून बांधला, त्यावर एलसीसी नेला आणि पुढे मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा चालवली. त्यांच्यासाठी झालं ते तुझ्यासाठी होईल. लायसन्स शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी मोकळं आहे, विकायचं असेल तर मात्र परवानगी लागते, हे रिपोर्टमध्ये नमूद कर.

काम असं असतं. एलसीसी तुझ्या सी कोडचं झाड करतो, त्यात ‘दोन बाइटची बेरीज’, ‘या पत्त्यावरून दोन बाइट आण’, ‘लोकल व्हेरिएबलचा पत्ता’ असे मोजके नोड असतात. तू प्रत्येक आकारासमोर नियम लिहितोस: हा नोड दिसला तर ही असेंब्ली छाप, आणि याची किंमत इतकी. एल-बर्ग नावाचं साधन त्या नियमांतून सगळ्यात स्वस्त जुळणी शोधणारा प्रोग्रॅम तयार करतं. तू नुकतं घातलेलं [आर७+६] इथे कामाला येतं. ‘लोकलचा पत्ता’ हा नोड आणि त्यावर ‘दोन बाइट आण’, हे दोन्ही मिळून एकच एलडी, असा नियम लिहिलास की कंपायलर आपोआप तो उचलतो. तुझ्या टाइपांचे आकार दिले की कुठकुठले नोड येऊ शकतात याची यादी छापणारा ‘ऑप्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम सोर्सबरोबरच येतो. ती यादी काढून शेजारी ठेव आणि झालेल्यावर खूण करत जा. नमुना म्हणून मिप्स प्रोसेसरची फाइल घे, एक्स८६ची घेऊ नकोस.

इंट आणि पॉइंटर दोन बाइटचे. लाँगला ३२ बिट लागतात, म्हणजे रजिस्टरची जोडी, ते सगळ्यात शेवटी; नाही झालं तरी चालेल. आर्ग्युमेंट सुरुवातीला सगळी स्टॅकवरच दे. मिप्सच्या फाइलमध्ये रजिस्टरमधून पाठवण्याचा भाग बराच गुंतागुंतीचा आहे, आणि स्टॅकवर असली की प्रिंटएफसारखी फंक्शनं सहज जमतात. आर० ते आर३ बोलावणाऱ्याने सांभाळायची, आर४ आणि आर५ बोलावलेल्याने. गुणाकारासाठी ३५टीमध्ये ९० डीएसपी ब्लॉक (गुणाकाराची तयार सर्किटं) आहेत, त्यातला एक घेऊन १६ बिटांची गुणाकाराची इन्स्ट्रक्शन कर. भागाकार हाताने असेंब्लीत लिही आणि नियमातून त्याला कॉल छाप. एलसीसीच्या इंटरफेसमध्ये ‘मल्-ऑप्स-कॉल्स’ म्हणून एक खूण आहे, ती लावली की गुणाकार-भागाकार कॉलने होतात हे धरून तो झाड कापतो.

लिंकर लिहू नकोस. सगळ्या फाइलींची असेंब्ली एकामागे एक जोडून तुझ्या पायथन असेंबलरला एकदम दे. एकच काळजी घे. एलसीसी प्रत्येक फाइलमध्ये लेबलांचे नंबर १पासून सुरू करतो, त्यामुळे ती एकमेकांवर आपटतात. जोडण्याआधी लेबलांना फाइलचं नाव चिकटव, स्टॅटिक नावांनाही. असेंबलरमध्ये मात्र एक गोष्ट वाढवावी लागेल. अटीच्या उडीला ८ बिटांचं अंतर म्हणजे पुढेमागे साधारण १२८ इन्स्ट्रक्शन. कंपायलरला अंतर माहीत नसतं. लांब पडलं तर असेंबलरने अट उलटी करून लांब उडीवरून जायचं. असं एक ठिकाण वाढलं की बाकीची अंतरंही बदलतात, म्हणून काही बदलेनासं होईपर्यंत पास फिरवत राहायचे. दोन पास पुरणार नाहीत.

सुरुवातीचा कोड, म्हणजे सीआरटी०, यात आर७ला मेमरीचं टोक द्यायचं, बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलांची जागा) शून्य करायचा आणि मेनला कॉल. यात एक खाच आहे. ब्लॉक रॅममधल्या सुरुवातीच्या किमती एफपीजीए कॉन्फिगर होताना एकदाच भरल्या जातात. रिसेटचं बटण दाबलं तर त्या परत येत नाहीत, ग्लोबल व्हेरिएबल मागच्या वेळचे आकडे घेऊनच उठतात. एक्स्टर्नल परीक्षकासमोर दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर उत्तर वेगळं यायला नको. सुरुवातीच्या किमतींची एक प्रत बाजूला ठेव आणि सीआरटी०मध्ये ती उतरवून घे.

आणि या सगळ्याआधी सीमध्ये प्रोसेसरचा सिम्युलेटर लिही. कंपायलरची चूक आणि हार्डवेअरची चूक एकत्र आली की रात्र जाते.

---

वेव्हफॉर्म_बेंगळुरू

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोडून, कारण व्हेरिफिकेशन, म्हणजे चिपची रचना तपासणं, हे माझं रोजचं काम आहे.

सिम्युलेटर लिहिशील तेव्हा प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर एक ओळ छापायची सोय ठेव: प्रोग्रॅम काउंटर, कुठलं रजिस्टर बदललं, नवी किंमत, चार फ्लॅग. तुमचा व्हेरिलॉग कॉम्प्युटरवर चालवून दाखवणाऱ्या व्हेरिलेटरमध्ये चालव आणि त्याच्याकडूनही अगदी तशीच ओळ छापून घे. दोन फाइलींचा डिफ, म्हणजे फरक, काढायचा. पहिली वेगळी ओळ म्हणजे चूक तिथेच. वेव्हफॉर्ममध्ये (सिग्नलांच्या आलेखांत) डोळे घालून बसण्यापेक्षा हे कितीतरी जलद होतं. सिम्युलेटर व्हेरिलॉग लिहिणाऱ्याने लिहू नये, गटातल्या दुसऱ्याने नुसता कागदावरचा इन्स्ट्रक्शन सेट वाचून लिहावा. समजुतीतला फरक मग आपोआप उघडा पडतो.

तुलनेच्या इन्स्ट्रक्शनसाठी ०, १, उणे १, ३२७६७, उणे ३२७६८ आणि मधले दोन-चार आकडे घेऊन सगळ्या जोड्या, सगळ्या अटींसकट फिरव. उणे ३२७६८ सोडू नकोस. त्याचं चिन्ह बदललं तरी तो तोच राहतो, आणि भागाकाराचं हाताने लिहिलेलं फंक्शन हमखास तिथेच घसरतं.

कंपायलर चालायला लागला की जीसीसीच्या टेस्टसूटमध्ये सी-टॉर्चर नावाचा संच आहे, त्याचा ‘एक्झिक्यूट’ फोल्डर बघ. प्रत्येक फाइल छोटी, स्वतःच उत्तर तपासते, चुकलं तर अबॉर्ट आणि बरोबर असेल तर एक्झिट. सगळ्या तुला चालणार नाहीत. काहींत जीसीसीचे खास विस्तार आहेत, काही इंट ३२ बिटांचा धरतात. त्या बाजूला काढ. उरतील तेवढ्या रोज रात्री सिम्युलेटरवर लावून ठेव, आणि सकाळी ज्या पडल्या असतील त्यातली सगळ्यात छोटी आधी उघड.

---

कृष्णाकाठ

बाइटचं लोड-स्टोअर बोर्डावर चाललं. सिम्युलेटर आमच्या गटातली मैत्रीण लिहिते आहे, तिने व्हेरिलॉगची फाइल उघडायचीच नाही असं ठरलं आहे. एलसीसीचा सोर्स उतरवून मिप्सची फाइल वाचायला घेतली. ऑप्सची यादीही काढली.

ताई, एक शंका. इंडायरेक्ट (रजिस्टरमधल्या पत्त्यावर केलेल्या) कॉलच्या नियमात पत्ता आर०मध्ये आला आणि आर्ग्युमेंट मांडताना आर० पुन्हा वापरला गेला, असं होऊ शकतं का?

---

बॅकएंड_पुणे

आर्ग्युमेंट स्टॅकवर देतोस तोवर नाही. आर्ग्युमेंट मांडण्याचे नोड कॉलच्या आधी येतात आणि पत्त्याचं रजिस्टर त्यानंतरही लागणार आहे हे रजिस्टर वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरला माहीत असतं. रजिस्टर कमी पडली तर तो स्टॅकवर ठेवून परत आणील. पण कॉलमध्ये जी रजिस्टर मोडतात त्यांची यादी तुझ्या फाइलच्या ‘क्लॉबर’ फंक्शनमध्ये नीट दे: आर० ते आर३. आर६ अ‍ॅलोकेटरला देऊच नकोस, तो परतीच्या पत्त्याचाच राहू दे. पुढे कधी आर्ग्युमेंट रजिस्टरमधून द्यायला लागलास तर ही शंका खरी ठरेल. त्या वेळी मिप्सच्या फाइलमधलं ‘टार्गेट’ फंक्शन वाच आणि इथे लिही.